नवा प्रोसेसर घेण्याआधी गच्चीवर जाऊन या

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. चिपळूणजवळच्या घरी २०१० च्या सुमाराला जोडलेला कोअर टू ड्युओ पीसी आहे. ४ जीबी रॅम, जुन्या पीसीआय स्लॉटात डीव्हीबी-एस कार्ड (उपग्रहाचा सिग्नल पकडणारा ट्यूनर), ५०० जीबीची डिस्क, त्यावर लिनक्स आणि टीव्हीहेडएंड हा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम. शेजारी विंडोजही आहे. फ्री डिशच्या छत्रीवरून आई-वडिलांसाठी सह्याद्रीवरचे कार्यक्रम आणि बातम्या रेकॉर्ड होतात आणि ते हॉलमधल्या टीव्हीवर कोडी या प्लेअरमधून बघतात. पावसाळा लागल्यापासून चित्राचे चौकोन पडतात, आवाज तुटतो. काही रेकॉर्डिंग होतच नाहीत, काही भलत्याच वेळेची होतात. मधूनच मशीन गोठतं. काही वाहिन्या शेजाऱ्यांच्या सेट-टॉप बॉक्सवर दिसतात, पण तुमच्या स्कॅनमध्ये येत नाहीत. दुकानदार म्हणतो, "जुनं झालं साहेब, आय-फाइव्ह घ्या."

आय-फाइव्ह घेऊ नका. निदान आत्ता नको. तुम्ही सांगितलेल्या तक्रारींपैकी एकीचंही मूळ प्रोसेसरमध्ये असेल असं मला वाटत नाही.

कारण साधं आहे. उपग्रहावरून येणारं चित्र प्रक्षेपकानेच आधी दाबून, म्हणजे एमपीईजी-२ किंवा एमपीईजी-४ मध्ये बसवून पाठवलेलं असतं. तुमचा पीसी त्यातलं काहीही नव्याने तयार करत नाही. ट्यूनरकडून आलेला प्रवाह चाळायचा, हव्या त्या वाहिनीची पाकिटं वेगळी काढायची आणि डिस्कवर ओतायची, एवढंच काम. हिशेब करून बघा. अख्खा ट्रान्सपाँडर, म्हणजे अनेक वाहिन्या एकत्र वाहणारा उपग्रहाचा एक पट्टा, २९.५ मेगासिंबॉलचा आणि क्यूपीएसके ३/४ चा (ही सिग्नल भरण्याची एक पद्धत) घेतला तरी तो ४१ एमबीपीएसच्या आतच राहतो, म्हणजे सेकंदाला जेमतेम ५ एमबी. त्यातली एक साधी एसडी वाहिनी ३ एमबीपीएसची धरली तर तासाला १.३५ जीबी. कोअर टू ड्युओ हे काम झोपेत करतो.

रेकॉर्डिंगला दणकट प्रोसेसर लागतो ही समजूत ॲनालॉग केबलच्या काळातली आहे. तेव्हाच्या बीटी८७८ चिपच्या टीव्ही कार्डातून कच्चं चित्र यायचं आणि ते दाबण्याचं सगळं ओझं प्रोसेसरवर पडायचं. म्हणून ज्यांना परवडायचं ते हार्डवेअर एन्कोडर असलेलं पीव्हीआर-१५० घ्यायचे. मुंबईत २०१२ च्या अखेरीस आणि पुणे, नाशिक, नागपुरात २०१३ मध्ये ॲनालॉग केबल बंद झाली, तिथे तो विषय संपला. दुकानांत मात्र तो अजून जिवंत आहे.

तेव्हा शोध घ्यायचा तो प्रवाह जिथून येतो तिथून: छत्री, एलएनबी (छत्रीच्या पुढे बसवलेला, सिग्नल पकडणारा डबा), केबल, कार्ड, वीज, घड्याळ, डिस्क. प्रोसेसर शेवटी.

टीव्हीहेडएंडचं वेबपान उघडा (पोर्ट ९९८१) आणि स्टेटसमध्ये स्ट्रीमचा टॅब बघा. तिथे एसएनआर (खरखरीच्या तुलनेत सिग्नल किती), 'अनकरेक्टेड ब्लॉक्स' (दुरुस्त न झालेले तुकडे) आणि 'कंटिन्युइटी एरर्स' (मधूनच गहाळ झालेली पाकिटं) असे रकाने आहेत. एखादी वाहिनी चालू ठेवून पाऊस पडत असताना हे आकडे बघत बसा. अनकरेक्टेड ब्लॉक्स आणि कंटिन्युइटी एरर्स दोन्ही हातात हात घालून वाढत असतील तर दोष घराबाहेर आहे, कारण डिमॉड्युलेटरपर्यंत, म्हणजे कार्डातल्या सिग्नल उलगडणाऱ्या चिपपर्यंत, माल धडपणे पोचतच नाही. अनकरेक्टेड शून्यावर आणि कंटिन्युइटी एरर्स मात्र वाढताहेत, असं असेल तर सिग्नल नीट आला पण पीसीच्या आत पाकिटं गळाली: बस, ड्रायव्हर, इंटरप्ट यांपैकी काहीतरी. (काही जुने ड्रायव्हर अनकरेक्टेडचा आकडा देतच नाहीत, कायम शून्य दाखवतात. तुमचं कार्ड त्यातलं आहे का हे तपासायला चालू चॅनलवर एकदा एलएनबीची केबल काढून बघा. आकडा हलला नाही तर त्या रकान्यावर विसंबू नका.) दोन रकान्यांचा हा ताळा लावला की अर्धं निदान खुर्चीतच होतं. लोक तो लावत नाहीत आणि आधी रॅम बदलतात.

तुमच्या वर्णनावरून पहिली शक्यताच दिसते. जून लागला आणि दुखणं सुरू झालं म्हणजे बहुतेक गच्चीवरच. केयू बँडला, म्हणजे या छत्रीवर येणाऱ्या सिग्नलच्या पट्ट्याला, पाऊस लागतोच, कोकणातल्या सरीला तर फारच. पण नीट लावलेल्या छत्रीवर मुसळधार सरीपुरतं चित्र जातं आणि सर ओसरली की परत येतं. रिपरिप चालू असताना तासन्‌तास चौकोन पडत असतील तर तुमच्याकडे मुळात राखीव सिग्नलच उरलेला नाही. डिजिटल चित्रात ही फसवणूक असते: कोरड्या हवेत काठावरचा सिग्नलही निर्दोष दिसतो, त्यामुळे मे महिन्यात काही कळत नाही.

वर गेल्यावर बघायचं काय? फ्री डिश जीसॅट-१५ वर आहे, ९३.५ अंश पूर्वेला. चिपळूणहून ती दिशा आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर. ऑफसेट छत्री (जिचा एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो) असल्यामुळे ती स्वतः तितकी वर वळलेली दिसत नाही, म्हणून नुसत्या छत्रीकडे बघून अंदाज करू नका. त्या रेषेत आंब्याची फांदी किंवा माडाची झावळ आली आहे का ते बघा. छत्री लावली त्या वर्षी झाड तिथे नव्हतं, हे कारण मी अनेक घरांत बघितलंय. ओली पानं कोरड्या पानांपेक्षा कितीतरी जास्त सिग्नल खातात, त्यामुळे हाही दोष पावसातच उघडा पडतो.

मग एलएनबीचं तोंड. त्यावरची प्लॅस्टिकची टोपी उन्हाने तडकते, आत पाणी शिरतं, कधी कुंभारमाशी मातीचं घर करून ठेवते. तडा दिसला तर डिंक लावत बसू नका, एलएनबी बदला. ही काही महागातली वस्तू नाही. घेताना युनिव्हर्सल, म्हणजे ९७५०/१०६०० वाला घ्या, आणि पुढे दोन ट्यूनर घालायचे असतील तर आत्ताच ट्विन (दोन जोडण्यांचा) घ्या.

सगळ्यात जास्त वेळ मात्र एफ कनेक्टरवर, म्हणजे केबलच्या टोकाच्या जोडणीवर, घालवा. बाहेरचा कनेक्टर काढून केबलचं टोक बघा. मधली तार तांब्यासारखी चकचकीत हवी आणि जाळी चंदेरी. तार काळवंडलेली, जाळीवर हिरवट-पांढरी भुकटी दिसली म्हणजे पाणी आत गेलंय, आणि ते नुसतं टोकाशी थांबत नाही. जाळीतून झिरपत ते मीटर-दोन मीटर पुढे जातं. टोक कापत जा, स्वच्छ जाळी लागेपर्यंत. लागलीच नाही तर अख्खी केबल बदला. नवी आरजी-६ घेताना मधली तार भरीव तांब्याची मागा. स्वस्त केबलला पोलादी तारेवर तांब्याचा मुलामा असतो. सिग्नल त्यातून ठीक जातो, पण त्याच तारेतून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट वर जायचे असतात आणि लांब केबलवर ते वाटेतच गळतात. कनेक्टर दाबून बसवायचे, पिरगळायचे नाहीत. वरून स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा. साधी काळी इन्सुलेशन टेप एका पावसाळ्यात सुटते आणि उलट पाणी धरून ठेवते. केबल घरात शिरते तिथे आधी खाली झोळ द्या, म्हणजे थेंब तिथून गळून पडतील आणि केबलवरून चालत कार्डापर्यंत येणार नाहीत.

छत्रीचा खांब अर्थ केलेला आहे का तेही याच खेपेत बघून घ्या. छत्रीची केबल ही वैशाखातल्या आणि ऑक्टोबरातल्या विजांना पीसीपर्यंत आणणारी एक सरळ वाट असते.

आता भलत्या वेळेचं रेकॉर्डिंग. तुम्ही लिहिलंय की संध्याकाळी सातच्या बातम्यांऐवजी दुपारचा काहीतरी कार्यक्रम मिळतो. नेमका दीडच्या सुमाराचा असतो का? असेल तर गुन्हेगार सापडला. विंडोज मदरबोर्डवरच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स तीच वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, समजून वाचतं आणि वर साडेपाच तास मिळवतं. दुपारी १:३० वाजता लिनक्सच्या लेखी संध्याकाळचे ७ वाजलेले असतात. इंटरनेट चालू असेल तर थोड्या वेळात घड्याळ सुधारतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. पावसात इंटरनेट गेलं आणि त्याच वेळी मशीन रीस्टार्ट झालं की घोळ. उपाय म्हणजे रजिस्ट्रीत एक नोंद करून विंडोजलाही यूटीसी मानायला लावणं. माझं मत विचाराल तर रेकॉर्डिंगच्या मशीनवर विंडोज ठेवूच नका.

फरक साडेपाच तासांचा नसून वाटेल तो असेल, तारीखच मागे जात असेल, तर बोर्डावरचा सीआर २०३२ सेल संपलाय. इतक्या वर्षांच्या बोर्डावर तो तपासत बसण्यापेक्षा बदलून टाका. कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडे मिळतो.

जी रेकॉर्डिंग झालीच नाहीत, ती 'फेल्ड रेकॉर्डिंग्ज'च्या टॅबमध्ये कारणासकट पडलेली असतात. 'टाइम मिस्ड' लिहिलं असेल तर त्या वेळी मशीनच बंद होतं, म्हणजे वीज गेली होती किंवा घड्याळाने दगा दिला. 'टू मेनी डेटा एरर्स' असेल तर पुन्हा गच्चीवर. वीज येताच मशीन आपोआप सुरू व्हावं यासाठी बायोसमध्ये 'एसी पॉवर लॉस' नंतर 'पॉवर ऑन' असा पर्याय असतो, तो लावा. यूपीएस घ्यायचा असेल आणि एसएमपीएस (पीसीचा वीजपुरवठ्याचा डबा) नवा, ॲक्टिव्ह पीएफसीचा असेल, तर दोघांचं जुळतं का ते दुकानातच जोडून, वीज काढून बघा. स्वस्त यूपीएस बॅटरीवर चौकोनी लाट देतात आणि असे काही एसएमपीएस नेमक्या त्या क्षणी बंद पडतात.

एसएमपीएसचा विषय निघालाच आहे तर मशीन गोठतं त्याकडे येऊ. इथे दोन संशयित.

पहिला, वीजपुरवठा. झाकण उघडून बोर्डावरचे कॅपॅसिटर बघा, विशेषतः प्रोसेसरच्या भोवतीचे. डोकी सपाट हवीत. फुगलेली असतील, वर तपकिरी चिकटा आला असेल, तर बोर्डाचे दिवस भरले. २००० ते २००७ च्या बोर्डांत ही साथच होती. तुमचं मशीन थोडं नंतरचं आहे, पण दमट हवेत वर्षानुवर्षं चालू राहिलेलं आहे. मग मल्टिमीटर लावून मोलेक्सच्या (एसएमपीएसच्या चार तारांच्या कनेक्टरच्या) पिवळ्या आणि काळ्या तारेत व्होल्ट मोजा, रेकॉर्डिंग चालू असताना. ११.४ ते १२.६ मध्ये हवेत. एलएनबीची वीज शेवटी याच १२ व्होल्टवरून येते, त्यामुळे खचलेला एसएमपीएस सिग्नलही पाडतो, आणि मग माणूस उगाच छत्री हलवत बसतो.

दुसरा, डिस्क. स्मार्टमॉनटूल्स बसवा आणि डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद, काढा. सगळं वाचू नका, चार ओळी पुरेत: ५, १९७, १९८ आणि १९९. १९७ म्हणजे वाचता न येणारे, निकाल न लागलेले सेक्टर. तिथे शून्याहून वेगळा आकडा असेल तर गोठण्याचं कोडं जवळपास सुटलं. साधी डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टर वाचायचा हट्ट कितीतरी सेकंद सोडत नाही आणि तेवढा वेळ सगळं मशीन तिच्याकडे बघत उभं राहतं. ५ (बदललेले सेक्टर) आणि १९८ (वाचताच न आलेले) वाढत असतील तर आजच माल हलवा. १९९ ची गोष्ट वेगळी. तो डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या चुकलेल्या निरोपांचा हिशेब आहे. तो वाढत असेल तर बहुतेक वेळा साटा केबल सैल किंवा खराब असते, डिस्क ठणठणीत असते. या एका ओळीपायी चांगल्या डिस्का भंगारात गेलेल्या मी पाहिल्यात. जुना आकडा कधी शून्य होत नाही, तेव्हा केबल बदलल्यावर तो आणखी वाढतो का तेवढं बघायचं.

डिस्क बदलायची ठरली तर सीसीटीव्हीसाठी विकतात ती घ्या. ती चोवीस तास लिहिण्यासाठीच बनवलेली असते. एसएमआर पद्धतीची (जिच्यात लिहिण्याचे पट्टे एकमेकांवर चढवलेले असतात ती) डिस्क टाळा. एकच प्रवाह लिहिताना ती कुरकुरत नाही, पण दोन-तीन रेकॉर्डिंग चालू असताना जुन्या फाइली पुसल्या जाऊ लागल्या की तिचा श्वास कोंडतो. खोक्यावर हे लिहिलेलं असेलच असं नाही. डब्ल्यूडीच्या काही रेड डिस्का एसएमआर आहेत हेसुद्धा २०२० मध्ये ओरड झाल्यावरच जाहीर झालं. मॉडेल नंबर बघूनच पैसे द्या. जुन्या बायोसला मोठी डिस्क चालेल का ही भीती बाळगू नका. बूट जुन्या छोट्या डिस्कवरूनच ठेवा, नव्या ४ टीबीवर जीपीटी (डिस्कच्या विभागणीचा नवा तक्ता) टाका, लिनक्स ती निमूट वापरतं. एमबीआर (जुना तक्ता) टाकलंत तर मात्र २.२ टीबीच्या पुढची जागा दिसणार नाही. फाइल सिस्टिम एक्सएफएस करा. ईएक्सटी४ च हवी असेल तर रूटसाठी (मुख्य प्रशासकासाठी) राखून ठेवलेली ५ टक्के जागा मोकळी करा, ४ टीबीवर ती २०० जीबी होते.

इथे एक सापळा आहे. नवी डिस्क ज्या फोल्डरवर माउंट करता, म्हणजे जोडता, तो पथ जुनाच ठेवा. टीव्हीहेडएंड प्रत्येक रेकॉर्डिंगचा पूर्ण पथ लिहून ठेवतो. तो बदलला की फाइली जागेवर असूनही यादीत 'फाइल मिसिंग' येतं आणि आई-वडिलांचा फोन येतो. आणखी एक: एखाद्या दिवशी डिस्क माउंटच झाली नाही तर रेकॉर्डिंग थांबत नाही, ते त्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे सिस्टिमच्या छोट्या डिस्कवर जाऊ लागतं, ती भरते आणि मग काहीच चालत नाही. डिस्क माउंट नसताना त्या रिकाम्या फोल्डरला लिनक्सच्या चॅट्र आज्ञेने 'आय' खूण लावून ठेवा. मग तिथे कुणालाच लिहिता येत नाही आणि चूक लगेच दिसते. हे कुणी सांगत नाही, पण घरच्या मशीनवर मी सर्वांत आधी हेच करतो.

राहिल्या न सापडणाऱ्या वाहिन्या. इथे तुमचं कार्डच खरोखर जुनं आहे. फ्री डिशवरच्या एमपीईजी-४ वाहिन्या डीव्हीबी-एस२ या नव्या पद्धतीत येतात आणि डीव्हीबी-एस कार्डाला तो सिग्नल लॉकच होत नाही, छत्री कितीही हलवा. तेव्हा खर्च करायचा तो इथे. कार्ड एस२ चं, शक्यतो दोन ट्यूनरचं, आणि पीसीआय एक्सप्रेस एक्स१ चं घ्या. जुना पीसीआय नको. इंटेलने २०११ पासून तो चिपसेटमधून काढायला सुरुवात केली, पुढच्या मशीनमध्ये ते कार्ड बहुधा बसणार नाही. तुमच्या बोर्डावर एक्स१ स्लॉट बहुधा आहेच, आखूड असतो तो, एकदा डोळ्यांनी बघून घ्या. म्हणजे हे कार्ड आज जुन्या मशीनमध्ये आणि उद्या नव्यात, दोन्हीकडे चालेल. फक्त एस२ वर ८पीएसके मॉड्युलेशन (क्यूपीएसकेपेक्षा दाट भरणारी पद्धत) असेल तर सिग्नल जास्त लागतो. तत्त्वतः ३/४ दराला क्यूपीएसकेचं काम ४ डीबीवर भागतं, ८पीएसकेला जवळपास ८ लागतात. म्हणून कार्डाआधी गच्ची. पैसे देऊन पाहायच्या डीटीएचच्या वाहिन्या कूटबद्ध असतात, त्या या कार्डाने रेकॉर्ड होणार नाहीत, तो नाद सोडा.

कार्ड निवडताना खोक्यावरच्या चित्रापेक्षा ड्रायव्हर बघा. ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यात) असेल तर उत्तम. उत्पादकाच्या साइटवरून आणून बांधावा लागत असेल तर दर कर्नल अपडेटनंतर तो पुन्हा बांधायची तयारी ठेवा, किंवा त्या मशीनवर कर्नल गोठवून ठेवा. बसवल्यावर कर्नलचा लॉग वाचा. कार्ड ओळखलं पण फर्मवेअर फाइल सापडली नाही, ही सर्वांत नेहमीची तक्रार तिथे स्पष्ट लिहिलेली असते, फाइलच्या नावासकट. नव्या बोर्डावर सिक्युअर बूट चालू असेल तर बाहेरचा ड्रायव्हर सही नसल्यामुळे निमूटपणे नाकारला जातो. काही कार्डांना एलएनबीसाठी वेगळी वीज लागते, कार्डाच्या कडेला छोटा सॉकेट असतो. तो रिकामा ठेवला तर कार्ड दिसतं, स्कॅन मात्र शून्य.

मग मशीन बदलायचंच नाही का? बदला, पण कारण वेगाचं नाही, वीजबिलाचं. ६० वॅट खाणारं मशीन चोवीस तास चालू ठेवलं तर महिन्याला ४३ युनिट होतात. १५ वॅटचं इंटेल एन१०० प्रोसेसरवालं मशीन ११ युनिटांत भागवतं, आणि एचईव्हीसी (नव्या पद्धतीने दाबलेलं चित्र) सुद्धा हार्डवेअरवर उघडतं. अडचण एवढीच की त्या छोट्या डब्यांत बहुतेकदा कार्ड घालायला स्लॉट नसतो. एन१०० चे स्लॉट असलेले छोटे आयटीएक्स बोर्ड मिळतात, ते बघा. मुंबईला जाणं असेल तर लॅमिंग्टन रोड, पुण्याला तापकीर गल्ली. नाहीतर सॅट-आयपी ट्यूनर घ्यायचा: तो छत्रीच्या जवळ बसतो, सिग्नल घरच्या नेटवर्कवर टाकतो आणि टीव्हीहेडएंड तो थेट ओळखतो.

टीव्हीवर हलत्या चित्राला दातेरी कडा किंवा हिसके दिसत असतील तर त्याचाही मशीनशी संबंध नाही. एसडी चित्र ५७६आय (एकाआड एक ओळींचं), ५० हर्ट्झचं असतं आणि पीसी टीव्हीला ६० देत असतो. कोडीमध्ये डिइंटरलेसिंग (त्या ओळी जुळवणं) चालू करा आणि रिफ्रेश रेट चित्राप्रमाणे बदलू द्या.

काहीही बदलण्याआधी टीव्हीहेडएंडच्या कॉन्फिगरेशनचं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी केबल आणि कनेक्टर, मग सेल आणि घड्याळ, मग साटा केबल. एवढं झाल्यावर मला हे पाठवा: कोरड्या हवेतला आणि सर चालू असतानाचा एसएनआर, दोन्ही वेळचे अनकरेक्टेड ब्लॉक्स, १९७ आणि १९९ चे आकडे, आणि बोर्डाच्या स्लॉटांचा एक फोटो. कार्ड कोणतं घ्यायचं ते त्यावरून सांगतो.